अक्कांची एकुलती सीडी

आमच्या साडूंइतका दुसऱ्याच्या चुकांचा आदर करणारा माणूस परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. मूळ सीडीवर तबलजी खोकला असेल, तर साडूंच्या नकलेतही तो त्याच जागी आणि तेवढाच खोकला पाहिजे. येलदरीच्या वीजघरातली नोकरी संपल्यापासून ते पिंगळीच्या घरी बसून लोकांच्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवतात आणि त्यांच्या हुबेहूब प्रती काढून देतात. सोबत उपदेशही देतात. सीडी गोल पुसायची नाही, मधून कडेकडे पुसायची, तीही जुन्या धोतराच्या फडक्याने. कॉम्प्युटर सीडी वाचत असताना घरातला मिक्सर बंद. माझ्या मेहुणीने त्यामुळे पाटा-वरवंटा पुन्हा बाहेर काढला आहे, आणि चटणी सुधारल्याचं श्रेय साडू घेतात.

माझ्या मोबाइलमधल्या एमपीथ्री गाण्यांना ते चिपाड म्हणतात. फाइल लहान करताना रस पिळून काढलेला असतो, असं त्यांचं मत. काढलेलं ते मला तसंही ऐकू येत नव्हतं, असं मी एकदा म्हणालो. "तुमाला ऐकू येत न्हाई, यात गाण्याचा काय कसूर?" त्यांनी अतिशय सौजन्याने विचारलं. स्वतःच्या कानांवरही त्यांचा भरवसा नाही. प्रत्येक गाणं कॉम्प्युटरकडून दोनदा वाचून घ्यायचं आणि तीच सीडी जगात ज्यांनी ज्यांनी उतरवली असेल, त्यांच्याशी इंटरनेटवरून ताडून पाहायचं. "जर्मनीतल्या एकाचं आन् माझं जुळलं," हे ते पत्रिका जुळल्याच्या समाधानाने सांगतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही झरीला त्यांच्या भाच्याकडे, दत्ताकडे, हुरडा खायला गेलो. पाखरं बुजावीत म्हणून ज्वारीत दोऱ्या बांधून जुन्या सीड्या टांगल्या होत्या. साडू एकीपाशी थांबले. तिच्यावर पेनने लिहिलं होतं, 'दत्ताची हळद'.

"ही कुठली रे?"

"कपाटात पडून होती, मामा. लय चमकायलीय. पाखरू फिरकत न्हाई."

"आरं, हिच्यात तुझी माय हाय."

दत्ताची आई म्हणजे साडूंची थोरली बहीण, अक्का. त्या वारल्या, त्याच्या आधी दत्ताच्या हळदीत त्यांनी गाणी म्हटली होती आणि शूटिंगवाल्याने त्यांची ही एकच सीडी करून दिली होती. "मला वाटलं फोटोची हाय," दत्ता म्हणाला. "फोटो तर मोबाइलात हायतच." साडूंनी सीडी रुमालात गुंडाळली आणि हुरडा न खाताच निघाले.

उन्हाने सीडी फिकी पडली होती. जगात दुसऱ्या कोणाकडे ती नव्हती, त्यामुळे ताडून बघायला जर्मनी उपयोगाची नव्हती. साडू तीच तीच सीडी सावकाश वाचत राहिले. हळूहळू सगळं आलं. तिसऱ्या गाण्यातली एक जागा तेवढी आली नाही. हळदीच्या गाण्यात कडव्याकडव्याला नवरदेवाचं नाव घेतात. शेवटच्या कडव्यात नेमकं तेच गेलं होतं.

दत्ता पिंगळीला आला. "मामा, मागच्या कडव्यातलं नाव उचला आन् तिथं लावा. कोणाला कळंल?"

"ते तिनं तिथं म्हटलेलं न्हाई."

"माझ्यामुळंच गेलं की ते."

"म्हणून खोटं भरू का?"

साडूंनी तेवढी जागा मोकळी ठेवून नवी सीडी काढली आणि आम्ही ती झरीला घेऊन गेलो. घरातले सगळे बसले. तिसऱ्या गाण्यात अक्कांचा आवाज नावापाशी आला आणि गेला. दत्ताने मान खाली घालून, त्याच चालीत, हळूच स्वतःचं नाव घेतलं. पुढच्या शब्दाला अक्का परत आल्या.

मी साडूंकडे पाहिलं. सीडीवर नसलेला आवाज त्यांना एरवी खपत नाही. त्यांनी उठून गाणं थोडं मागे नेलं.

"जरा आधी घे, दत्ता," ते म्हणाले. "ती घाईत म्हणायची."