ब्रेकमास्तरांची चांदी

आमच्या गल्लीतल्या ब्रेकमास्तरांनी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. "ब्रेक!" असं ते इतक्या जोरात ओरडायचे की पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेही थांबायचे. माणूस दिलदार, पण औषधांच्या बाबतीत स्वतःलाच डॉक्टर समजणारा. ताप आला की दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेली पट्टी खणात. पुढच्या वेळी त्यातल्याच आणखी दोन.

मग एका वर्षी त्यांना गळू झालं. कुठे ते सांगत नसत. नुसते उभे राहत.

"बसा की मास्तर," कोणी म्हटलं तर म्हणायचे, "आयुष्यभर बसून कमावलं, आता जरा उभ्याने!"

खणातल्या गोळ्या झाल्या, नव्या झाल्या, इंजेक्शनं झाली. गळू कापलं तरी जखम भरेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे धरला.

"मास्तर, तुमचे जंतू नेहमीच्या औषधांना भीक घालत नाहीत. अर्धवट गोळ्या खाऊन तुम्हीच त्यांना तयार केलंत."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "शिकवायची सवयच पडली हो."

शिकवणी मात्र थांबवली नाही. मोकळ्या मैदानात गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि मास्तर खिडकीला धरून बाजूने धावतायत! स्टिअरिंगवर निवृत्त मुख्याध्यापिका.

"मास्तर, दमलात का?"

"नाही... क्लच... हळू सोडा... पुढे बघा, माझ्याकडे नको!"

तिसऱ्या दिवशी बाईंनी हौसेने दुसरा गिअर टाकला. मास्तर मागे राहिले, धापा टाकत मैदानात मटकन बसले आणि बसल्याबरोबर अशी किंकाळी फोडली की बाईंनी घाबरून करकचून ब्रेक दाबला. पुढे दोन हातांवर भिंत होती.

ते ऐकून डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "आमच्याकडे एका नव्या मलमपट्टीचा प्रयोग चालू आहे. त्यात चांदीचे कण आहेत. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा एक कण. तो जंतूच्या कवचालाच भोकं पाडतो. गुण येईलच अशी खात्री देत नाही, आणि सोबत दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या. नाव घालू?"

मास्तर काही बोलायच्या आत सोबत आलेल्या त्यांच्या बायको, आमच्या काकू, कडाडल्या, "तीस वर्षं संसार केला, मला चांदीची साधी अंगठी नाही. आणि चांदी तिथे?"

पण रोज पट्टी बदलायचं काम काकूंनीच केलं. नाकाला पदर लावून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. गोळ्यांची वेळही त्याच सांभाळायच्या. मास्तरांची एक गोळी चुकवायची टाप नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात पू थांबला. सहाव्या आठवड्यात मास्तर स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर आधी अर्धे बसले, मग डोळे मिटून पूर्ण. काही झालं नाही. तासभर ते उठलेच नाहीत. चहा तिथेच, पेपर तिथेच. काकूंनी केर काढताना पाय वर घ्यायला सांगितलं, तेव्हा पाय वर घेतले, पण बूड हलवलं नाही.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "तुम्हाला गुण आला. बाकीच्यांना येतो का, ते प्रयोग संपल्यावर कळेल. जखमेचे आधीचे-नंतरचे फोटो परिषदेत दाखवले तर चालतील?"

"चेहरा दिसेल का?" मास्तरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग दाखवा खुशाल!"

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "परिषदेला आपले डॉक्टर भाऊजी पण जाणार आहेत. लहानपणी एकाच विहिरीत उघडेच पोहायचात तुम्ही. ओळखतील ते!"