रंभावैनींच्या पोटातला चादरवाला

आमच्या गल्लीत सकाळ दोनदा होते. एकदा सूर्य उगवतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा रंभावैनी तोंडातून बोट काढतात तेव्हा. मधला वेळ धड रात्रीचा नाही, धड दिवसाचाही नाही.

त्या वेळात मी माझी पिठाची गिरणी उघडून बसलेला असतो. समोरच्या पायरीवर वैनी. डाव्या हातात मशेरीची डबी, उजवं बोट दातांवर, डोळे अर्धे मिटलेले. बोट हळूहळू फिरत राहतं आणि बाई या जगातून जरा बाजूला सरकतात. आदल्या रात्रीची स्वप्नं त्यांना नेमकी तेव्हाच आठवतात. ती ऐकायला गल्लीत माझ्याएवढा रिकामा माणूस दुसरा नाही.

रंभावैनी मूळच्या वळसंगच्या. नवरा रामहरी टॉवेलच्या कारखान्यात वॉचमन. वैनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतात. अशी भाकरी की मोडली तर आवाज शेजारच्या गल्लीत जावा. आणि ही बाई स्वतः काय खाते? दूधभात. दोन वर्षं झाली, पोटात अल्सर. गोळ्या झाल्या, जंतू मारायचा कोर्स झाला, तिखट सुटलं, चहा सुटला. गल्लीनंही हात धुऊन घेतले. कुणी कोबीचा रस पाजला, कुणी ज्येष्ठमध, कुणी थंड ताक. कळ काही हलली नाही. दुपारी फारच झालं की वैनी माझ्या गिरणीच्या भिंतीला पोट टेकवून उभ्या राहायच्या. आत जातं फिरत असलं की भिंत कोमट होते आणि बारीक थरथरते. त्यानं म्हणे बरं वाटतं. गिऱ्हाईक विचारायचं, "या काय करत्यात?" मी सांगायचो, "पोट दळून घेत्यात."

एका सकाळी म्हणाल्या, "बसूभाऊ, काल परत आला बघा."

"कोण, रामहरी?"

"तुमचं मेलं कायतरीच! ते कुटं जात्यात? चादरवाला. पोटात येऊन गाठोडं सोडतोय आन् एकेक चादर पसरतोय. पयली लाल, दुसरी त्याच्याहून लाल. मी म्हणते, बाबा, मला नको, घिऊन जा. तर म्हणतोय, बघायला काय जातंय ताई, बघा तरी."

"घ्यायची की एखादी. पोट गरम राहिलं असतं."

"गरमच हाय की वो, त्याचंच तर दुखणं हाय!"

हसलो दोघंही. पण त्या दिवसांत वैनींचं हसू लवकर संपायचं, कारण अकलूजहून फोन आला होता. त्यांची एकुलती लेक अंकिता तिकडं दिलेली. पहिलं बाळंतपण, सातवा महिना जवळ आलेला. पहिलटकरीण माहेरी येणार हे ठरलेलंच. वैनींनी जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली होती, बाजेला नवी नवार ओढून घेतली होती. आणि विहीणबाई फोनवर म्हणाल्या (फोन स्पीकरवर होता, मी काही कान लावून बसलो नव्हतो), "तुमीच पोट धरून बसताय, विहीणबाई. तुमची भाकर तुमाला पचंना, बाळंतिणीचं कोण करणार? पोरीला हितंच राहू द्या."

बाई वाईट नाहीत. बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी वैनी सांगत होत्या, "चादरवाल्यानं पाळणा पण गाठोड्याखाली दाबून ठिवलाय, बसूभाऊ. मी वढतीय, सुटंना."

मी उठून गिरणीचा पट्टा चढवला.

दुर्बिणीच्या तपासणीच्या दिवशी रामहरीला रजा मिळेना. मग मीच वैनींना स्कूटरवर घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमांनी तपासलं, रिपोर्ट बघितला आणि कपाळाला आठी घातली. जखम होती तशीच.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"व्हय."

"दुसऱ्या कसल्या दुखण्याच्या गोळ्या?"

"न्हाय."

"तंबाखू खाता?"

वैनींनी अशा नजरेनं बघितलं, जणू मॅडमांनी दारूच विचारली. "अगं बया! न्हाय वो, मॅडम."

माझं तोंड म्हणजे फाटकं पोतं. म्हणालो, "बघा, किती सोज्वळ बाई! सकाळी उठून तासभर नुसतं तोंड धुते."

"तासभर?" मॅडमांनी मान वर केली. "काय लावता दातांना?"

"मशेरी," वैनी म्हणाल्या. "आमच्यात समदीच लावत्यात."

मॅडमांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती तंबाखूच की."

"तंबाखू कशी? तव्यावर काळी होस्तोवर भाजती की मी. त्यातलं इख जळून जातंय."

हे खरं आहे, म्हणजे भाजण्याचं. त्या तवा चढवतात त्या दिवशी गल्लीतली मांजरंसुद्धा शिंकतात.

"दिवसातून किती वेळा लावता?"

"सकाळची. आन् मग कळ आली की जरा. त्यानं कळ बधिर हुती."

"थुंकता की गिळता?"

वैनींनी पदर सारखा केला. "चार लोकांत बाईमाणसानं थुंकायचं कसं?"

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या हळू आवाजात बोलल्या. "मी वरून भिंत बांधतेय आणि तुम्ही खालून पायात पाणी सोडताय. जखम भरणार कशी, मावशी?"

परतताना घर जवळ आलं तेव्हा मागून वैनींचा आवाज आला, "म्हंजे चादरवाल्याला बसायला सतरंजी मीच टाकत हुते म्हणा की."

डबी त्यांनी त्याच दिवशी गटारात रिकामी केली. मग जे दिवस आले ते रामहरीला विचारा. वैनींचं डोकं ठणकायचं, भाकऱ्या करपायच्या, साधं पाणी मागितलं तरी अंगावर यायच्या. रामहरी ड्यूटी संपली तरी कारखान्यातच बसायला लागला. पायरीवर वैनी यायच्या, पण त्या बोटाचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. पदराला गुंडाळायच्या, सोडायच्या.

"स्वप्न?" मी विचारायचो.

"पडंना. नुसता अंधार हाय."

सकाळ एकदाच व्हायला लागली, आणि तीही बेचव. शेवटी एकदा त्या गिरणीत आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि पुटपुटल्या, "बसूभाऊ, एक चिमूट कुटं मिळंल का?"

"उद्या बघतो," मी म्हणालो.

त्या दुपारी जात्याभोवती सांडलेलं ज्वारीचं पीठ मी गोळा केलं आणि लोखंडी तव्यावर भाजलं, भाजलं, कोळशासारखं होईपर्यंत भाजलं. बायको म्हणाली, याचं डोकं फिरलं. सकाळी वैनींच्या हातात भरलेली डबी दिली. "गुलबर्ग्याचा माल हाय. लई कडक. कुनाला बोलू नका."

त्यांनी वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि बोट दातांवर ठेवलं. डोळे मिटत गेले. बोट फिरायला लागलं. थोड्या वेळानं त्याच जुन्या, लांबून आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "काल वळसंगच्या रानात हुते. हुरडा भाजत हुते. आगटी माज्या पोटातच, पर चटका बसत नव्हता…"

मी स्वतःवर असा खूश झालो, की त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या दळणाची अदलाबदल करून बसलो.

पुढच्या तपासणीलाही मीच नेलं. मॅडम रिपोर्ट बघून हसल्या. जखम भरत आली होती. अजून जपावं लागेल म्हणाल्या, पण भरत आली होती. "मशेरी?"

"सोडली," वैनींनी ठणकावून सांगितलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काय वैनी, डॉक्टरच्या तोंडावर थाप?"

"थाप कशाची?" स्कूटरवर बसत त्या म्हणाल्या. "आन् पुढच्या बारीला ज्वारी जरा कमी भाजा. लई कडू लागती."

माझ्याकडून किकच बसेना. "तुमाला ठाऊक हुतं?"

"भाकऱ्या थापण्यात जल्म गेला माजा. ज्वारी वळखू येत न्हाय व्हय?"

"मग लावत कशाला हुता?"

"बोटाला काम पायजे की," वैनी म्हणाल्या. "आन् तुमाला स्वप्न पायजेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी अकलूजला फोन केला. स्पीकर मुद्दाम लावला, मला ऐकू यावं म्हणून मोठा केला. "विहीणबाई, आज मी भाकर खाल्ली. दुधात भिजवून, पर खाल्ली. आता पोरीला धाडा."

अंकिता आली. आता पायरीवर दोघी बसतात, लेकीचं डोकं आईच्या खांद्यावर, आईचं बोट दातांवर. कळ पुरती गेली म्हणाल तर नाही. अधूनमधून वैनी अजून माझ्या भिंतीला पोट टेकवतात. परवा अंकिताही शेजारी तशीच उभी राहिली. म्हणाली, भिंत थरथरली की आतलं बाळ गप पडून ऐकतं.

आज सकाळी मी विचारलं, "चादरवाला काय म्हणतोय?"

वैनींचे डोळे मिटलेलेच. "गाठोडं बांधलं त्यानं. निघाला. पर एक बारकी चादर तेवढी ऱ्हायली बघा, एवढीशी."

"मग हाक मारायची की त्याला."

"मारणार हुते," बोट फिरवत त्या म्हणाल्या. "मग म्हणलं, ऱ्हाऊ दे. बाळाला हुईल."