पाणीवाल्या गायी

गोचिडांची अंडी आणि किस्से, दोन्ही कुणाचं लक्ष नसताना वाढतात. आमच्या भोपाळच्या लॅबमध्ये दोन्हींचा साठा भरपूर आहे. माणसं मात्र तीनच: पुण्याहून बदलून आलेल्या आपटे मॅडम, अटेंडंट रिझवानभाई आणि टेक्निशियन मी. सीताफळाच्या बियांच्या अर्काने गायींवरचे गोचीड मरतात का, ते आम्ही बघतो. मॅडमची त्यात तीन वर्षं गेली.

*

बिया दळायला लॅबमध्ये ग्राइंडर नव्हता. मंजुरी येईपर्यंत हंगाम संपला असता, म्हणून मॅडमनी घरचा मिक्सर आणला. तो परत नेला नाही, घरी नवा घेतला. तरी सोनागिरीजवळच्या कारखान्यात इंजिनिअर असलेले त्यांचे मिस्टर अजून ताटातल्या प्रत्येक चटणीकडे बघून विचारतात, "ही घरची की लॅबची?"

*

गोचीड मेल्याचं सोंग झकास करतो. अर्कात बुडवलेली एक टम्म फुगलेली मादी मी दोनदा टोचून बघितली, हलेना. वहीत "मृत" लिहून सही ठोकली. काही दिवसांनी रिझवानभाई ती काचेची बशी घेऊन गंभीर चेहऱ्याने माझ्या टेबलापाशी आले.

"देशपांडे साहब, मुबारक हो. मरहूमा ने अंडे दिए हैं."

*

गोचीड आम्ही डेअऱ्यांमधून मागून आणतो. दारोदार गोचीड मागणारी माणसं बघून लोक आधी हसतात, मग देतात. एकदा गोचिडांची बरणी घेऊन बसमध्ये उभा होतो. एमपी नगरला कोचिंगची पोरं चढली, धक्काबुक्की सुरू झाली. मी इतकंच म्हणालो, "भैया, ज़रा संभल के, इसमें ज़िंदा किलनियाँ हैं."

मला बसायला जागा मिळाली. शेजारची सीटही शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

*

शेवटची परीक्षा खऱ्या गायींवर होती, बाग सेवनियाकडच्या एका डेअरीत. दहा गायी, त्यातल्या पाचांवर अर्काचा फवारा, पाचांवर नुसतं पाणी. मालकाची म्हातारी आई, सगळ्यांची अम्मा, खाटेवर बसून बघत होती.

"इन पाँचों को पानी क्यों?"

मॅडमनी आपल्या पुणेरी हिंदीत समजावलं की तुलना करायला काही गायी बिनऔषधाच्या ठेवाव्याच लागतात. अम्माने सगळं ऐकून घेतलं.

"तो इनका क्या कसूर था?"

मॅडम पाण्याचा फवारा उचलून पुढच्या गायीकडे वळल्या.

तीन आठवड्यांनी मोजणी झाली. औषधवाल्या गायींवर थोडेसेच गोचीड होते. आम्ही खूश. मग पाणीवाल्या गायी तपासल्या, तर त्यांच्यावर जवळजवळ नाहीतच! म्हणजे आमच्या औषधापेक्षा नळाचं पाणी बरं. सोमवारी रिपोर्ट जायचा होता आणि असा निकाल गेला की प्रोजेक्ट बंद. मॅडम अम्माच्या खाटेच्या कडेला बसल्या, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

अम्मा उठली, आत गेली आणि लोणच्याची एक मोठी बरणी घेऊन आली. आत रॉकेल, आणि तळाशी करड्या दाण्यांचा चार बोटं जाड थर.

"जिनको दवाई नहीं मिली, उनकी किलनियाँ मैं रोज़ हाथ से बीन देती थी," म्हणत तिने बरणी मॅडमच्या मांडीवर ठेवली. "तुम लोग माँगते फिरते हो, इसलिए फेंकी नहीं. गिन लो."