उशाशी आलेला गडगडाट

"डबा दिसला, की माझी विद्या बुडाली," असं खर्जमास्तर उठता-बसता म्हणायचे. डबा म्हणजे सबवूफर, सिनेमातल्या तोफांचा आणि ढगांचा जाड आवाज काढणारं खोकं. घरोघरी ती खोकी बसवणं हा त्यांचा धंदा, आणि ती कुणाच्या नजरेला पडू न देणं हा त्यांचा ताठा. एकदा बसवलेला डबा बावीस वर्षांत त्यांनी जागचा हलवला नव्हता. हे ते कुणी न विचारताच सांगत.

जागा शोधायची त्यांची रीत मी या डोळ्यांनी पाहिली आहे. डबा ऐकणाऱ्याच्या जागी, सोफ्यावर मांडायचा, गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत फिरायचं. कान जिथं सुखावेल, ती डब्याची जागा. विद्या खरी आहे. पोट सुटलेल्या माणसाला ती करताना बघवत नाही, एवढंच.

एका ठेकेदारानं सिनेमासाठी वेगळी खोली सजवली होती. भिंतींना मऊ कापड, छताला चांदण्या. त्याच्या बायकोनं आधीच बजावलं, "तो काळा डबा माझ्या या खोलीत नको."

"वहिनी, दिसला तर माझं नाव बदला," म्हणत मास्तर रांगू लागले. त्या खोलीत कुठंच मन भरेना. रांगत रांगत दाराबाहेर पडले, शेजारच्या खोलीत शिरले आणि एका पलंगाच्या उशाशी डोळे मिटून थांबले. "इथं!"

पलंगावर ठेकेदाराची म्हातारी आई चष्मा पुसत बसली होती. "काय हरवलं रे बाबा?"

"जागा सापडली, मावशी."

"ती मला तुझ्याआधी सापडली आहे."

पण म्हातारीला विचारतो कोण? "आई, तुला तसंही कमी ऐकू येतं," लेक म्हणाला. मधल्या भिंतीला हातभर भोक पाडून जाळी लावली आणि डबा तिच्या उशामागं गेला. भिंतीच्या अलीकडे सगळे वाहवा करत होते. पलीकडे म्हातारीच्या गोळ्यांची बाटली थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि खाली पडली. चार दिवस तिला झोप नाही. पाचव्या दिवशी तिनं धाकट्या लेकाकडे जायला बॅग भरली, आणि मास्तरांना बोलावून घेतलं.

"ये मास्तर, आडवा हो माझ्या पलंगावर."

"मी? इथं?"

"रांगताना लाजला नाहीस, आता लोळायला कसली लाज? सूनबाई, ती लढाई लाव गं."

पहिल्या तोफेला मास्तरांचे डोळे उघडले. दुसरीला ते छाती धरून उठून बसले. बावीस वर्षं ते सोफ्याच्या बाजूनंच ऐकत आले होते.

"मास्तर, सांगा हिला, होईल सवय," ठेकेदार म्हणाला.

मास्तरांचे दात अजून वाजत होते.

"बोल मास्तर," म्हातारी म्हणाली. "मी जाऊ, की हा डबा जातो?"

मास्तर गुडघ्यांवर बसले, वायर उपटली आणि डबा जाळीसकट ओढून बाहेर काढला. "जागा चुकली," म्हणाले, इतकं हळू की म्हातारीनं दोनदा म्हणायला लावलं.

"मग हा ठेवायचा कुठं?" सून किंचाळली.

"सोफ्याशेजारी. वर फुलदाणी ठेवा."

हत्यारांची पिशवी उचलून, गुडघे झटकत, चांदण्यांच्या छताखालून ते निघाले. नवरा-बायको डब्याकडे बघत राहिली. मास्तरांना जाताना पाहिलं ते एकट्या म्हातारीनं, भिंतीच्या भोकाला चष्मा लावून, दार लागेपर्यंत.