तासभर आधी, हलकं जेवून

शनिवार पेठेतले ते औषधवाले कुणाशी गोड बोलत नसत. लिंगाला ताठरता येण्याच्या गोळीची माझी चिठ्ठी वाचून मात्र त्यांनी आधी बाकीची गिऱ्हाइकं वाटेला लावली. मग हळूच विचारलं, "हृदयाचं औषध चालू नाही ना?"

"नाही. पण मागच्या गोळीचा उपयोग झाला नाही."

"जेवला काय होतात?"

"मटण. वर दोन पेग."

"मग गोळी काय करणार? हलकं जेवा, दारू नको, तासभर आधी घ्या. परिणाम चार-पाच तास राहतो. घड्याळ बघत बसू नका, बायकोशी बोला."

सहा महिन्यांनी मी गरोदर बायकोच्या लोहाच्या गोळ्या आणायला गेलो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"वहिनींना जिने चढू देऊ नका," म्हणाले.