विषय पाचवा : तत्त्वज्ञ

मनात डूख धरू नये, असं मला पुष्कळ जणांनी सांगितलं. मी धरला, आणि तो मला चांगला मानवला.

माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात कामगार होते. तिथल्याच क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले तेव्हा त्यांनी खात्यात पेढे वाटले आणि ‘पोरगी आता तत्त्वज्ञ होणार’ असं सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांना वाटायचं, वकिलीसारखी याचीही एखादी शेवटची परीक्षा असेल. तशी काही नसते. पीएच.डी.ची मुलाखत मात्र असते, आणि समोर विभागप्रमुख बसलेले असतात.

मी विषय घेतला होता बौद्ध दर्शनातल्या दुःखाचा. सरांनी माझं आडनाव वाचलं, पत्ता वाचला आणि चष्मा काढला. “म्हणजे घरचाच विषय म्हणायचा,” ते म्हणाले. शेजारचे दोघे हसले. मग समजुतीच्या सुरात, “असं आहे बाई, तत्त्वज्ञ व्हायला अलिप्तता लागते. तुमच्या लोकांकडे चळवळ असते, तत्त्वज्ञान नसतं. आपण एखादी बँकेची परीक्षा का नाही देत?”

‘आपण’ म्हणाले हं! पुण्यात माणसाला हाकलतात तेही आदरानं.

मी काय बोलले? “बरं सर.” एवढंच बोलून बाहेर आले. त्या ‘बरं सर’नं पुढे कितीतरी वर्षं माझा जीव जाळला. वडिलांना सांगितलं, जागा भरल्या होत्या. क्वार्टर्समधली माणसं त्यांना चिडवायची, “काय, झाली का पोरगी तत्त्वज्ञ?” वडील म्हणायचे, “व्हायचीय.”

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मी एकात शिरले आणि यथावकाश हिंजवडीत टेस्टिंगला लागले. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. मला ते काम फारच जमलं. कर्वेनगरला फ्लॅट घेतला, वडिलांना आणलं, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून सोसायटीची सेक्रेटरी झाले.

आणि एक दिवस चौथ्या मजल्यावर राहायला आले कोण, तर सर!

मी त्यांना जिन्यातच ओळखलं. नमस्कार केला. ते म्हणाले, “पाणी किती वाजता येतं हो?” ओळख म्हणून नाही डोळ्यांत. ज्यानं माझ्या आयुष्यावर पाणी फिरवलं त्याला मी कोण तेही माहीत नव्हतं. त्यांच्या मागून त्यांच्या मिसेस, दोन्ही हातांत पिशव्या. त्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. फ्लॅट त्यांच्याच पैशानं घेतलेला, त्यांच्या एकटीच्या नावावर. कागदपत्रं माझ्याकडेच आली होती.

दिवाळीनंतर लिफ्टसमोर नावांचा नवा बोर्ड करायचं ठरलं. ज्यानं त्यानं आपलं नाव कळवायचं होतं. सरांनी स्वतःचं कळवलं, आणि त्यापुढे ‘तत्त्वज्ञ’.

अहाहा! मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. दुसरी एखादी सेक्रेटरी मुकाट्यानं छापून मोकळी झाली असती. मी ते वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलं. गच्चीच्या गळतीनंतर, विषय पाचवा.

सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी म्हणाले, “डॉक्टर, वकील, सीए यांना पदवी दाखवता येते. तत्त्वज्ञाला काय दाखवता येतं, ते सभासदांनी सांगावं.” मग काय, पुणेकरांना विषय मिळाला. एक म्हणाले, पुस्तकं हवीत. दुसरे म्हणाले, नुसत्या पुस्तकांनी होत असेल तर आमचा मेहुणाही आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “आपल्या जागी कुणी गाडी लावली तरी जो भांडत नाही तो.” सगळे हसले, कारण आदल्याच आठवड्यात सर पार्किंगवरून कडाडून भांडले होते.

सर ताडकन उठले. “तत्त्वज्ञ कोण, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?”

इतकी वर्षं माझ्या घशात अडकलेला प्रश्न, तो त्यांनीच काढून माझ्या हातात दिला! मी म्हणाले, “सर, पीएच.डी.च्या मुलाखतीत मला हेच विचारायचं होतं. तुमच्या लोकांकडे चळवळ असते, तत्त्वज्ञान नसतं, असं म्हणाला होतात. ते ठरवणारे तुम्ही कोण होतात?”

पहिल्या रांगेत वडील बसले होते. जागा भरल्याच नव्हत्या, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते माझ्याकडे वळले नाहीत, सरांकडेच बघत राहिले.

“मला आठवत नाही,” सर म्हणाले.

“मला आठवतं. मतदान घेऊ या.”

कुणाचाच हात वर जाईना, तेव्हा सरांनी स्वतःचा केला. “तुमचं मत नाही धरता येणार, सर,” मी म्हणाले. इतकं गोड मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. “फ्लॅट बाईंच्या नावावर आहे. मत त्यांचं.”

सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. बाई शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन. सर मानेनं खुणावत होते, कर, कर हात. बाईंनी पर्सची चेन लावली.

“घरी रोज ऐकते,” त्या म्हणाल्या. “येता-जाता वाचायला तरी नको.”

बोर्ड झाला. चौथ्या मजल्यापुढे, मालकीण म्हणून, फक्त बाईंचं नाव आहे. वडील सकाळी पेपर आणायला उतरतात ते बोर्डापाशी रेंगाळतात. सर फिरायला निघाले, लिफ्टचं दार उघडलं, की ते नावं मोठ्यानं वाचायला लागतात. माझं नाव आलं की पुढे काही लिहिलेलं नसतानाही वाचतात, “तत्त्वज्ञ.” सर फाटकाबाहेर गेले असले तर पुन्हा एकदा, आणखी जोरात.