कूलरचा नळ

काल वर्गाच्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि त्या ओल्या वासाबरोबर ती मुलगी आठवली. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी ‘शाश्वत विकास’ शिकवत होतो आणि त्या दिवशी तपासणी समितीचे दोन पाहुणे मागच्या बाकावर बसले होते. त्यांना गार वारा लागावा म्हणून शिपायाने खिडकीबाहेरच्या कूलरच्या टाकीत पाइप सोडून नळ चालू ठेवला होता. पडद्यावर मी जगभरातली आटलेली सरोवरं दाखवत होतो आणि माझा आवाज मलाच आवडत होता. तेवढ्यात पाणीटंचाईच्या नरखेडकडची ती मुलगी न विचारता उठली आणि सरळ दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा तिची ओढणी भिजली होती. “काहून गेली तू?” मी खेकसलो. “सर, टाकी भरून पाणी वाहून राहिलं होतं. नळ बंद करून आली,” ती म्हणाली. वर्ग हसला. पाहुण्यांपुढे शोभा झाली म्हणून मी तिला बाहेर काढलं आणि तिची गैरहजेरी मांडली. सत्राच्या शेवटी नेमक्या त्याच एका तासाने तिची हजेरी कमी भरली. ती अर्ज घेऊन आली, तर नियम सगळ्यांना सारखा असतो असं सांगून मी तो परत केला, आणि माझ्याच विषयाच्या परीक्षेला तिला बसता आलं नाही. काल शिकवताना खिडकीबाहेर पुन्हा पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. साठच्या साठ पोरं शांतपणे ऐकत बसली होती, एकही उठलं नाही. मी सगळ्यांची हजेरी लावली.